एक वतन, दोन दावेदार

'वतन' हा शब्द मूळचा अरबी. उर्दूत तो मायदेश हा अर्थ घेऊन राहिला. मराठीत आल्यावर मात्र त्याने वेगळाच संसार थाटला. आपल्याकडे वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण. त्याला सनद असे, शिक्का असे, साक्षीदार असत. वतनासाठी भाऊबंदांत पिढ्यानपिढ्या तंटे चालत, प्रसंगी मुडदे पडत. मग तंटा गोतसभेपुढे जाई, गावोगावचे म्हातारे साक्षीला उभे राहत आणि निकालाचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. माझ्या घरात या शब्दाचे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. पण इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्याविषयी वाचायला घेतलं की हे दोन अर्थ एकमेकांच्या अंगावर येतात. दोन्ही बाजूंची माणसं मायदेशाच्या मायेने बोलायला सुरुवात करतात आणि बघता बघता फडताळातून सनदा काढू लागतात.

या विषयावर माझं मत काय, हे लोक मला सहसा विचारत नाहीत. नाव ऐकूनच ते ठरवून टाकतात. माझ्या समाजातले काहीजण धरून चालतात की मी त्यांचंच बोलणार. बाहेरचे काहीजणही नेमकं तेच धरून चालतात, फक्त वेगळ्या कारणासाठी. त्यामुळे आज रेडिओवर वीस मिनिटं सलग बोलायला मिळतात हे मला बरं वाटतं. मध्येच तोडायला कुणी समोर नाही.

आधी ज्यूंचा दावा. तो पोकळ आहे, बनावट आहे असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, नंतरच्या बंडांमध्ये ज्यूंची पांगापांग झाली. तेव्हापासून जगात जिथे जिथे ज्यू राहिला तिथे तो जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करत आला. लग्नात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, तो त्या पडलेल्या मंदिराच्या आठवणीसाठी. ऐन मंगल घटकेला घरच्या विध्वंसाची आठवण ठेवणारा समाज त्या जागेला विसरला असं कसं म्हणायचं? शिवाय सगळेच ज्यू तिथून गेले नव्हते. जेरुसलेम, हेब्रॉन, सफद, तिबेरिया या गावांत थोडेफार राहतच होते. आणि मुसलमानांनी तर या ओढीचं नवल करूच नये. मदिनेत गेल्यानंतरही जवळजवळ दीड वर्ष आमचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, जेरुसलेमच होती.

एक गंमत सांगतो. हिब्रूत मायभूमीला 'मोलेदेत' म्हणतात. जन्म या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झाला आहे, म्हणजे जन्मभूमीच. पण बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव अब्राहमाला हाक मारतो तेव्हा मोलेदेत सोडून निघ, असं सांगतो. ज्या भूमीकडे तो निघाला ती पुढची, वचनाची. आमचे हजरत इब्राहिम ते हेच. त्यांची कबर हेब्रॉनला आहे असं दोन्ही धर्म मानतात. इसहाक आणि इस्माईल या दोन्ही मुलांनी मिळून बापाला मूठमाती दिली, असं त्याच पुस्तकात आहे. त्या हेब्रॉनमध्ये १९२९ साली जमावाने ६७ ज्यूंना ठार केलं. काही अरब शेजाऱ्यांनी ज्यू कुटुंबांना घरात लपवून वाचवलं हेही खरं. १९९४ साली त्याच कबरीवरच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घातल्या. आता त्या इमारतीची वाटणी झाली आहे. बापाच्या कबरीला दोन दारं.

अरबांचा दावा सांगायला त्या मानाने अवघड आहे, कारण तो फार साधा आहे. ते तिथे राहत होते. ऑलिव्हची झाडं पणजोबाने लावलेली, विहीर आजोबाने खणलेली. जो घरातच आहे तो कशाला सनद बाळगेल? ब्रिटिशांनी १९२२ मध्ये शिरगणती केली तेव्हा पॅलेस्टाइनची लोकसंख्या साडेसात लाखांच्या थोडी वर भरली. त्यात ज्यू ८४ हजारांच्या आसपास होते. बाकीचे बहुतेक सगळे अरब, मुसलमान आणि ख्रिस्ती. त्याच्या पाच वर्षं आधी, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी एक छोटं पत्र लिहिलं होतं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी 'राष्ट्रीय घर' उभं राहावं याला ब्रिटनची अनुकूलता आहे, असं त्यात म्हटलं होतं. अरबांचा उल्लेखही होता, पण कसा? 'पॅलेस्टाइनमधले ज्यू नसलेले समाज' असा. शंभरातल्या नव्वद माणसांची ओळख 'जे ज्यू नाहीत ते' एवढीच. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये असंही लिहिलं होतं. राजकीय हक्काचं नाव नव्हतं. मी आयुष्यभर शब्दांशी झटापट करत आलो आहे, म्हणून मला या पत्राचं भय वाटतं. एखाद्याला शिवी दिली तर निदान तो समोर आहे हे मान्य होतं. इथे लाखो माणसं वाक्याच्या बांधणीतच गाळली गेली.

आता कुणी म्हणेल, दूरदेशीच्या मंडळींना काय ठाऊक, तिथे कोण राहतं ते. पण ठाऊक होतं. श्रोतेहो, मला या इतिहासातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. १८९९ च्या मार्चमध्ये जेरुसलेमचे माजी महापौर यूसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना एक पत्र लिहिलं. ज्यू राष्ट्रवादाचे प्रवर्तक थिओडोर हर्झल यांच्यापर्यंत ते पोचावं असा हेतू होता आणि ते पोचलंही. पत्राचा आशय असा: या भूमीवर तुमचा ऐतिहासिक हक्क आहे, तो कोण नाकारील? पण आज इथे दुसरी माणसं राहतात, ती आपण होऊन जागा सोडणार नाहीत. देवाची शपथ, पॅलेस्टाइनला सुखाने राहू द्या. किती सभ्य पत्र आहे! समोरच्याचा दावा मान्य करून आपला दावा मांडणारं. हर्झल यांनी लगेच उत्तर दिलं, तेही नम्र होतं. ज्यूंच्या पैशाने आणि बुद्धीने अरबांचंही भलंच होईल, असा त्याचा सूर. आम्ही इथे राहतो, या वाक्याला मात्र त्यात उत्तर नव्हतं.

ज्यूंमध्येही डोळे उघडे ठेवणारे होते. अहाद हाआम या टोपणनावाने लिहिणाऱ्या हिब्रू लेखकाने १८९१ मध्येच पॅलेस्टाइन पाहून येऊन लिहिलं की ही जमीन ओसाड नाही, इथे अरब शेती करतात. इत्झाक एपस्टाइन नावाच्या शिक्षकाने १९०५ साली बासेलला भाषण करून सांगितलं की आपल्या चळवळीत एका प्रश्नाकडे कुणी बघत नाही, तो म्हणजे या भूमीत आधीपासून नांदणाऱ्या लोकांचा. आणि १९२३ साली झीव्ह जाबोटिन्स्की यांनी तर निर्भीडपणे लिहिलं की कुठलेही मूळ रहिवासी आपली भूमी राजीखुशीने देत नसतात, अरबही देणार नाहीत, म्हणून आपल्याला पोलादी भिंत उभारावी लागेल. मला जाबोटिन्स्की पटत नाहीत. पण त्यांनी समोरच्या माणसाला माणूस म्हणून ओळखलं, बावळट समजलं नाही. गोड बोलून दुसऱ्याला अदृश्य करणाऱ्यांपेक्षा हा विरोधक मला परवडतो.

आणि दुसऱ्या बाजूचं काय? जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले आणि पुढे नाझींचा प्रचार करत राहिले. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याने कुणाचा हात धरू नये याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही. पॅलेस्टिनी माणसाच्या न्याय्य दुःखावर त्या भेटीचा डाग अजूनही फेकला जातो. १९३९ साली, युरोपात ज्यूंच्या मानेवर सुरी असताना, ब्रिटिशांनी अरबांच्या दबावाखाली पॅलेस्टाइनची दारं जवळजवळ लावून घेतली. पाच वर्षांत ७५ हजार, त्यापुढे अरबांची संमती असेल तरच. बाकीच्या जगाने तर आधीच, १९३८ च्या एव्हियां परिषदेत, सहानुभूतीची भाषणं करून आपापली दारं लावली होती. जायला जागा नसणं म्हणजे काय हे ज्यूंना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही.

याच सुमाराला आपल्याकडच्या एका माणसाने या वादात तोंड घातलं होतं. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं, फ्रान्स जसं फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं. ज्यूंबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता, पण जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असा सल्ला त्यांनी दिला. जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली त्याला तेव्हा जेमतेम अडीच आठवडे झाले होते. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला आले होते. गांधींना ते फार मानत. १९३९ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधींना लांबलचक पत्र लिहिलं. ज्या राजवटीत बळी जाणाऱ्याला साक्षीदारही मिळत नाही तिथे सत्याग्रह कसला, असा त्यांचा प्रश्न होता. पण त्या पत्रातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बूबर म्हणतात, इथे दोन दावे समोरासमोर आहेत. दोन्ही जिवंत, दोन्ही वेगवेगळ्या मुळांचे. यातला एक न्यायाचा आणि दुसरा अन्यायाचा, असा निवाडा करता येत नाही. आम्हाला आमचा दावा सोडता येत नाही, पण अरबांच्या दाव्याचा मान राखून दोहोंचा मेळ घालणं हे आमचं कर्तव्य आहे. बूबर आणि त्यांचे काही सोबती अखेरपर्यंत दोन राष्ट्रांच्या एका राज्याचा पुरस्कार करत राहिले. त्यांच्याच लोकांनी त्यांना स्वप्नाळू ठरवलं.

भारत सरकारने त्यांच्याजवळ जाणारी भूमिका घेतली होती हे आपण विसरलो आहोत. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनसाठी अकरा देशांची समिती नेमली. भारतातर्फे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी मात्र फाळणी नको, दोन्ही समाजांचं संघराज्य करा, असा वेगळा अहवाल दिला. त्या अहवालाची तारीख आहे ३१ ऑगस्ट १९४७. तेव्हा पंजाबात काय चाललं होतं ते सांगायला नको. २९ नोव्हेंबरला मतदान झालं. ३३ फाळणीच्या बाजूने, १३ विरुद्ध, १० तटस्थ. भारताने विरुद्ध मत दिलं. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला निम्म्याहून अधिक जमीन मिळत होती. अरबांनी योजना धुडकावली आणि युद्ध पेटलं. १४ मे १९४८ ला इस्रायलचा जन्म झाला. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. काही भीतीने पळाले, काहींना हाकललं गेलं. पुढच्या काही वर्षांत बगदाद, साना, ट्रिपोली इथल्या शेकडो वर्षांच्या ज्यू वस्त्या रिकाम्या झाल्या. अरब देशांतून सहा लाखांच्या आसपास ज्यू इस्रायलमध्ये आले. त्यांनाही कुणी हार घालून निरोप दिला नव्हता.

आता जरा आपल्या कोकणात येतो, कारण या कहाणीचा एक धागा इथून जातो.

आमचं घर रायगड जिल्ह्यातलं. ते माझ्या आजोबांनी एका बेने इस्रायल कुटुंबाकडून विकत घेतलं. बेने इस्रायल म्हणजे आपले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरची बोली मराठी, देवाची कीर्तनंसुद्धा मराठीत. स्वातंत्र्यानंतर त्यातले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले. आमच्या घराचं रीतसर खरेदीखत झालं होतं. दोन्ही बाजूंच्या सह्या, साक्षीदार, मोजून दिलेले रुपये. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक तिरकी खूण होती. तिथे त्यांचा मेझुझा असे, धर्मवचनांची छोटी नळी. जाताना त्यांनी तो काढून नेला. आजोबांनी त्या खुणेवर कधी रंग फासू दिला नाही.

भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध १९९२ साली सुरू झाले. त्याच्या पुढच्या वर्षी त्या घरातली एक मावशी घर बघायला आली. साठीची असेल. माझ्या आईला म्हणाली, "बाय, मला फक्त माजघर बघू दे, मी लगेच जाते." लगेच कसली जाते! दोन वेळचं जेवून गेली. आपल्या जागेवर बसली, परसातल्या फणसाला हात लावून आली. कुठे राहता म्हणून विचारलं तर म्हणाली, रामला. मला ते ऐकायला रामल्ला वाटलं. ती हसली. "रामल्ला अरबांचं, रामला आमचं." मी तेव्हा नुकताच बीए होऊन कविता करायला लागलो होतो. आगाऊपणे विचारलं, "मावशी, तुमच्या गावात आधी कोण राहायचं?" ती म्हणाली, "आम्ही गेलो तेव्हा नवीन इमारती बांधल्या होत्या रे, आम्हाला तिथे जागा दिली. जुन्या गावात दगडी घरं होती. रिकामी होती म्हणतात." मग जरा थांबून म्हणाली, "माणसं घरं रिकामी कशाला ठेवतील?" आणि आईकडे वळून तिने खोबऱ्याचा भाव विचारला.

तिनेच सांगितलेली आणखी एक गोष्ट मला विसरता आली नाही. साठच्या दशकात इस्रायलमधल्या धर्मपीठाने बेने इस्रायल लोकांच्या लग्नांना आडकाठी घातली होती. तुम्ही मूळचे शुद्ध ज्यू कशावरून, आजी-पणजीपर्यंतची वंशावळ दाखवा. दोन हजार वर्षं जेरुसलेमकडे तोंड करून बसलेल्या माणसांना जेरुसलेममध्येच हा प्रश्न! त्यांनी धरणी धरली, निदर्शनं केली. १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला तेव्हा कुठे पीठ नमलं. मावशी हे सांगत होती तेव्हा मुंबईच्या दंगलींना वर्षही झालं नव्हतं. 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न त्या दिवसांत मलाही पुष्कळदा विचारला गेला होता. आधी कोण आलं, खरा कोण, मूळचा कोण, या वाटेने वतनाचा निवाडा करायला निघालेला माणूस कुठे पोचतो याची मला तेव्हापासून धास्ती आहे. त्या वाटेवर शेवटी कुणीच पुरेसा मूळचा उरत नाही.

त्या रामलाच्या एका दगडी घराची हकिकत पुढे मी वाचली. अमेरिकन पत्रकार सँडी टोलन यांनी त्यावर 'द लेमन ट्री' हे पुस्तक लिहिलं आहे. अहमद खैरी यांनी १९३६ साली ते घर बांधलं आणि परसात लिंबोणी लावली. १९४८ च्या जुलैमध्ये इस्रायली सैन्याने रामला आणि शेजारचं लिद्द घेतलं आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढलं. उन्हाळ्यात, बहुतेकांना पायी. त्या मोहिमेत लिद्दच्या लोकांना हाकलण्याच्या हुकमावर सही होती इत्झाक राबिन यांची, जे पुढे पंतप्रधान झाले आणि ज्यांनी अराफतांशी हस्तांदोलन केलं. राबिन यांनी आत्मचरित्रात हे लिहिलं होतं, पण इस्रायली सेन्सॉरने तो भाग गाळायला लावला. खैरी कुटुंब रामल्लाला गेलं. त्यांचा मुलगा बशीर तेव्हा सहा वर्षांचा होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बल्गेरियातून आलेलं एश्केनाझी नावाचं ज्यू कुटुंब त्या घरात राहायला आलं. त्यांची मुलगी दालिया अकरा महिन्यांची होती. १९४३ साली बल्गेरियातल्या ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवायची तयारी झाली होती. तिथल्या संसदेचे उपसभापती दिमितार पेशेव आणि ख्रिस्ती धर्मगुरू आडवे उभे राहिले, म्हणून ते वाचले. म्हणजे त्या घरात शिरलेली माणसं लुटारू नव्हती. मृत्यूच्या उंबऱ्यावरून परतलेली होती. मालक पळून गेले, असंच त्यांना सांगितलं गेलं होतं.

१९६७ च्या युद्धानंतर पश्चिम किनारा इस्रायलच्या ताब्यात गेला आणि विचित्र म्हणजे त्यामुळेच रामल्लाहून रामलाला जाता येऊ लागलं. बशीर आणि त्याचे दोन चुलतभाऊ बसने निघाले. एका घराने त्यांना हाकलून दिलं, दुसऱ्याची शाळा झाली होती. तिसऱ्या घराची घंटा बशीरने वाजवली. दार उघडलं एकोणीस वर्षांच्या दालियाने. आत येऊ का, हे माझ्या वडिलांचं घर आहे. तिने त्यांना आत घेतलं. पुढे बशीरचे वडीलही येऊन गेले. त्यांची दृष्टी गेली होती. भिंती चाचपत ते परसात गेले आणि लिंबोणीला मिठी मारून उभे राहिले.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती, आणि खोटी. दालिया रामल्लाला गेली तेव्हा दोघांचं बोलणं झालं. बशीरचं म्हणणं, १९१७ च्या आधीपासूनचे ज्यू राहोत, बाकीच्यांनी आले तिथे परत जावं. दालिया म्हणाली, मी कुठे जाऊ? मला दुसरा देश नाही. दोघांतलं कुणीही तसूभर हललं नाही. १९६९ साली जेरुसलेमच्या एका सुपरमार्केटमध्ये बाँबस्फोट झाला, माणसं मेली. त्या कटात सामील असल्याबद्दल बशीरला पंधरा वर्षं तुरुंगवास झाला. दालिया हादरली. कितीतरी वर्षं तिने संबंध ठेवला नाही. आईवडील गेल्यावर घर तिच्या नावावर आलं तेव्हा तिने बशीरला विचारलं, घर विकून पैसे तुम्हाला देऊ का? तो म्हणाला, विकू नकोस. मला त्या घरात जे बालपण मिळालं नाही ते गावातल्या अरब मुलांना मिळू दे. १९९१ साली तिथे अरब मुलांची बालवाडी आणि दोन्ही समाजांचं भेटण्याचं ठिकाण सुरू झालं. खरेदीखत नाही, महजर नाही, तंटाही मिटलेला नाही. तरी घराचा उपयोग ठरला. लिंबोणी पुढे वाळून गेली. २००५ साली दोन्हीकडच्या मुलांनी मिळून तिथे नवं रोप लावलं.

मी कवी आहे, त्यामुळे महमूद दरवेश यांचं नाव घेतल्याशिवाय मला उठता येणार नाही. १९४१ मध्ये अल-बिरवा या गावात त्यांचा जन्म झाला. १९४८ मध्ये कुटुंब लेबनॉनला पळालं, वर्षभराने चोरून परतलं तोवर गाव जमीनदोस्त झालं होतं. शिरगणतीही उरकली होती. मग कायद्याने ते 'हजर-गैरहजर' ठरले. माणूस देशात हजर, पण मालमत्तेपुरता गैरहजर. असा शब्द कवीला सुचला असता तर लोक म्हणाले असते, जास्तच झालं! अल-बिरवाच्या जमिनीवर पुढे येमेनमधून आलेल्या ज्यूंची वस्ती बसली. अरबी बोलणारे गेले, त्यांच्या जागी अरबीच बोलणारे आले. १९५० साली इस्रायलने जगातल्या कुठल्याही ज्यूला 'परतण्याचा' हक्क देणारा कायदा केला. पॅलेस्टिनी निर्वासित १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाचा हवाला देऊन जो मागतात तोही परतण्याचाच हक्क. दोन्हीकडे एकच क्रियापद.

दरवेश हिब्रू शिकले आणि परदेशी कविता त्यांनी हिब्रू अनुवादातून वाचली. इस्रायलचे थोर कवी येहुदा अमिखाई यांच्याविषयी ते आदराने बोलत. अमिखाई जर्मनीत जन्मलेले, लहानपणी पॅलेस्टाइनला आलेले. आम्ही दोघं एकाच जागेवर लिहितो, तेव्हा या भूमीच्या भाषेचा धनी कोण, अशी आमची स्पर्धा आहे, असा दरवेश यांच्या बोलण्याचा भाव होता. तंटा वतनाचाच, पण कुणाचं रक्त न सांडणारा. २००० साली शिक्षणमंत्री योसी सरीद यांनी दरवेशांच्या कविता इस्रायली शाळांत शिकवायचं म्हटलं तेव्हा एवढं वादळ उठलं की सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. ठराव पडला, पण देश अजून याला तयार नाही, असं पंतप्रधान बराक यांनी सांगितलं. उलटी गोष्टही सांगायला हवी. एका अरब खेड्यातल्या माणसांना ज्यू सैनिक कसे हाकलून देतात, यावर १९४९ मध्ये, युद्ध संपता संपता, हिब्रूत कादंबरिका लिहिणारे एस. यिझहार हे इस्रायलचेच. ते कित्येक वर्षं संसदेचे सभासद होते आणि ती कादंबरिका तिथल्या शाळांत वाचलीही गेली.

मी कुणाच्या बाजूचा, असं आता विचाराल तर सांगतो. खालिदींनी जसं पत्र लिहिलं आणि बूबरनी जसं लिहिलं, त्या रीतीच्या बाजूचा. याचा अर्थ दोन्ही पारडी सारखी आहेत असा नाही. ज्याच्या हातात राज्य, रणगाडे आणि विमानं आहेत त्याची जबाबदारी मोठी. १९६७ पासूनचा ताबा आणि दुसऱ्याच्या शेतात उठणाऱ्या वसाहती यांना सुरक्षेचं नाव देता येत नाही. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं, एका दिवसात बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली, त्याला मुक्तीचं नाव देता येत नाही. त्या दिवशी बेएरीत व्हिव्हियन सिल्व्हर मारल्या गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गाझातल्या आजाऱ्यांना आपल्या गाडीतून इस्रायली इस्पितळात पोचवणाऱ्या. त्याच वर्षी ६ डिसेंबरला गाझात कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक रिफात अलअरीर हवाई हल्ल्यात भाऊ-बहीण आणि भाच्यांसह गेले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार दोन वर्षांत तिथले साठ हजारांहून अधिक लोक मारले गेले. गाझात राहणाऱ्यांपैकी शंभरातले सत्तर १९४८ च्या निर्वासितांच्या पिढ्यांतलेच आहेत.

२१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटनने पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली. भारताने ती १९८८ मध्येच दिली होती. ज्यांचं नाव १९१७ च्या पत्रात लिहिलं गेलं नव्हतं, त्यांचं नाव त्याच सरकारच्या कागदावर यायला १०८ वर्षं लागली. त्या दिवसांत गाझा शहरातून लाखो माणसं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन दक्षिणेकडे चालली होती. पुढच्या महिन्यात युद्धविराम झाला तेव्हा त्यातली हजारो समुद्राकाठच्या रस्त्याने पायी परत निघाली, आपलं घर उभं आहे की नाही ते बघायला.